जुळ्यांचे पहिले अठ्ठावीस दिवस

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोकांची वस्ती आहे. जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त आढळले ते याच समाजात. १९६०-७० च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत तेथे दर हजार बाळंतपणांत ४० हून अधिक जुळी आढळली होती. जपानमध्ये तेव्हा हा आकडा ६-७ च्या घरात होता. योरुबा घरात आधी जन्मलेल्याचे नाव तायवो आणि मागाहून आलेल्याचे केहिंदे, हे ठरलेलेच. गंमत म्हणजे वडीलकीचा मान केहिंदेचा! जग कसे आहे ते पाहून ये, म्हणून त्याने तायवोला पुढे धाडले, अशी समजूत आहे.

या कौतुकाची दुसरी बाजूही तिथल्याच रूढीत दिसते. जुळ्यांपैकी एखादे दगावले की त्याच्या नावाने लाकडाची छोटी मूर्ती, 'इबेजी', कोरून घेत. आई तिला न्हाऊ घाली, कपडे चढवी, खाऊ दाखवी. आज या मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत मांडलेल्या आहेत. त्या इतक्या संख्येने का घडवाव्या लागल्या, हा प्रश्न मात्र पाहणाऱ्याला क्वचितच पडत असेल.

जुळी दगावतात ती मुख्यतः लवकर जन्मल्यामुळे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधीच येतात आणि बहुधा अडीच किलोपेक्षा कमी भरतात. अंगावर चरबी नसल्याने ती पटकन गार पडतात. फुफ्फुसे कच्ची, चोखायला ताकद नाही, त्यात जंतुसंसर्गाची भीती. पहिले २८ दिवस म्हणूनच कसोटीचे.

एका बीजापासून होणाऱ्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचे प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच, हजारी ३-४ असते. देशोदेशी फरक पडतो तो दोन बीजांच्या जुळ्यांमुळे. आईचे वय आणि घराणे ही त्याची जुनी कारणे. आता वंध्यत्वावरील उपचारांची भर पडली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९८० च्या दशकापासून जगातील जुळ्यांचे प्रमाण हजारी ९ वरून १२ वर गेले. वर्षाला सुमारे १६ लाख जोड्या! त्याच संशोधकांचा अंदाज असा, की सहाराच्या दक्षिणेकडील देशांत दरवर्षी दोन-तीन लाख जुळ्यांना पहिल्या वर्षातच आपले भावंड गमवावे लागते.

मुलासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेले जोडपे 'दोन-तीन गर्भ ठेवा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे' म्हणते. ते समजण्यासारखे आहे. पण डॉक्टरांनी त्याला मान डोलवावी, हे नव्हे. स्वीडनने २००३ पासून सहसा एकच गर्भ सोडण्याचा नियम केला आणि उपचारांतून होणारी जुळी तेथे झपाट्याने कमी झाली.

जुळे राहिल्याची शंका असेल तर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करून वार एक आहे की दोन, हे विचारून घ्यावे. वार एकच असेल तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो. अशा वेळी १६ व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. बाळंतपण नवजात बाळांच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. ते दूर असेल तर आधीच जवळ जाऊन राहिलेले बरे.

बाळे घरी आल्यावर 'दोघांना दूध पुरणार कसे?' म्हणून एकाला बाटली लावली जाते, आणि तेही बहुधा किरकोळ असलेल्यालाच. खरे तर जितके पाजावे तितके दूध वाढते. चोखता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने द्यावे.

काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच 'कांगारू' पद्धत. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर ती सुरू केल्यास लहानग्यांचे मृत्यू चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. जुळी असली तर दोघेही एकदम आईच्या छातीशी मावतात. ती दमली की एकाला बाबांनी सदऱ्याच्या आत घ्यावे, दुसऱ्याला आजीने.