फिजीचा द्रुआ संघ व आपलीं मुलें

मुलगा खेळांत पुढें आहे हें ऐकून आईबापांस जितका आनंद होतो, तितकीच काळजीही वाटते. ‘खेळून पोट भरतें काय?’ हा प्रश्न प्रत्येक घरांत कधींना कधीं निघतोच. तो क्षुद्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांस घर चालवावयाचें असतें त्यांनीं तो विचारलाच पाहिजे. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. खेळाडूचें पोट भरावयाचें तर तें कोठें भरावें? आपल्या देशीं, कीं समुद्रापार दुसऱ्याच्या दारीं? ह्या प्रश्नास पॅसिफिक महासागरांतील फिजी ह्या लहानशा देशानें गेल्या कांहीं वर्षांत जें उत्तर दिलें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घ्यावें, म्हणून हा लेखप्रपंच.

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ, लंबगोल चेंडू व ८० मिनिटांचा सामना, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे. चेंडू घेऊन पुढें धांवतां येतें. परंतु तो सोबत्याकडे हातानें फेंकावयाचा असल्यास बाजूस अगर मागेंच फेंकावा लागतो. म्हणजे पुढें जाणाऱ्यानें मागून येणाऱ्यांवर विश्वास ठेवल्यावांचून हा खेळ चालतच नाहीं. असा हा खेळ इंग्लंडांत पुष्कळ काळ सभ्य गृहस्थांचा मानला जाई, व त्याबद्दल पैसा घेणें गैर समजलें जाई. १८९५ सालीं उत्तर इंग्लंडांतील क्लबांनीं, खाणींत व गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यामुळें बुडालेली मजुरी तरी त्यांस मिळावी, असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाहीं, तेव्हां ते क्लब फुटून निघाले व त्यांचा ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ झाला. मूळच्या ‘रग्बी युनियन’नें आपला दंडक पुढें शंभर वर्षें पाळला; १९९५ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें तो सोडून देण्यांत आला, व खेळाडूंस उघडपणें वेतन मिळूं लागलें.

ह्या निर्णयाचा लाभ श्रीमंत देशांस झाला. फिजीच्या वांट्यास मात्र मोठी ओढाताण आली. फिजीची लोकसंख्या सुमारे ९ लक्ष, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. तीनशेंहून अधिक बेटें, त्यांतील सुमारें एक तृतीयांश बेटांवर वस्ती, आणि जवळजवळ प्रत्येक गांवीं एक रग्बीचें मैदान. तेथील माध्यमिक शाळांची ‘डीन्स चषक’ स्पर्धा पाहण्यास लोकांची झुंबड उडते. अशा भूमींत खेळाडूंचें पीक जोमानें येणारच. परंतु पीक शेतांत राहिलें नाहीं. फिजींत जन्मलेले जो रोकोकोको व सितिवेनी सिविवातू हे न्यूझीलंडच्या काळ्या पोशाखांत गाजले; लोते तुकिरी हा ऑस्ट्रेलियाकडून खेळला; आणि कित्येक तरुण फ्रान्स व इंग्लंड येथील क्लबांच्या चाकरींत गेले. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. घरीं म्हातारे आईबाप, पाठीं भावंडें, आणि देशांत ह्या विद्येस वेतन देणारी एकही संस्था नाहीं; अशा वेळीं तरुणानें काय करावें?

सात-सात गड्यांच्या लहान खेळांत फिजीनें २०१६ सालीं रिओ येथें सुवर्णपदक मिळविलें. त्या देशाचें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय. परंतु पंधरा गड्यांच्या खेळास केवळ चपळाई पुरत नाहीं. त्यास एकत्र सराव, आहारविहाराचा नियम, वैद्यकीय देखरेख व आठवड्यामागून आठवडे बलाढ्य प्रतिपक्षाशीं गांठ, ह्या गोष्टी लागतात. राष्ट्राचा संघ वर्षांतून थोडे दिवस एकत्र येणार, व त्यांतील गडी दहा देशांतून दहा प्रकारची शिकवण घेऊन येणार, तर मेळ बसावा कसा? फिजीस गुणांची वाण नव्हती. गुणांस राहावयास घर नव्हतें.

तें घर बांधण्याचा आरंभ २०१७ सालीं झाला. ऑस्ट्रेलियांतील राष्ट्रीय रग्बी स्पर्धेंत ‘फिजियन द्रुआ’ नांवाचा संघ त्या वर्षीं उतरला. द्रुआ म्हणजे फिजीचें जुनें शिडाचें जोडहोडें. त्याचें एक अंग मोठें व दुसरें लहान असतें. दोन्ही मिळून तें समुद्राच्या लाटांवर तोल सांभाळतें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे २०१८ सालीं, लौटोका येथें झालेल्या अंतिम सामन्यांत क्वीन्सलंड कंट्री ह्या संघास ३६–२६ असें हरवून द्रुआनें ती स्पर्धा जिंकली. पुढें महामारीच्या काळांत दक्षिण गोलार्धांतील स्पर्धांची जुनी मांडणी मोडली, तेव्हां २०२२ पासून सुपर रग्बी पॅसिफिक ह्या व्यावसायिक स्पर्धेंत द्रुआस स्थान मिळालें.

येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं जरा थांबून विचार करावा. स्थान मिळालें म्हणजे यश मिळालें असें नव्हे. महामारीच्या निर्बंधांमुळें पहिल्या वर्षीं ह्या संघास मायदेश सोडून ऑस्ट्रेलियांतील लेनॉक्स हेड ह्या किनाऱ्यावरील गांवीं बिऱ्हाड करावें लागलें. गडी कित्येक महिने कुटुंबांपासून दूर राहिले. पहिला सामना ते ४०–१० असा हरले. दुसऱ्या सामन्यांत मेलबर्नच्या संघावर ३१–२६ असा विजय मिळाला. परंतु त्या संबंध हंगामांत १४ सामन्यांपैकीं केवळ दोनच जिंकतां आले. ३० एप्रिल १९४७ अगर १९५७ नव्हे, तर थेट ३० एप्रिल २०२२ ह्या दिवशीं फिजीच्या भूमीवर द्रुआचा ह्या स्पर्धेंतील पहिला सामना झाला. सुवा येथील तो सामनाही ते २४–२७ असा हरले. तरी लोकांनीं त्यांस टाकलें नाहीं, व त्यांनीं सराव टाकला नाहीं. पुढच्याच वर्षीं, ११ मार्च २०२३ रोजीं, लौटोका येथें क्रुसेडर्स ह्या न्यूझीलंडच्या संघाशीं त्यांची गांठ पडली. क्रुसेडर्सच्या नांवावर तोंवर दहाहून अधिक विजेतेपदें जमा होतीं. द्रुआनें त्यांस २५–२४ असें हरविलें. केमू वालेतिनी ह्यानें अगदीं अखेरच्या क्षणीं मारलेल्या लाथेनें निकाल लागला.

लौटोका हें साखरेच्या गिरणीचें शहर आहे. १८७९ ते १९१६ ह्या काळांत सुमारें ६०,००० भारतीय मजूर गिरमिटावर फिजींत गेले, व त्यांतील पुष्कळांचा घाम ह्याच उसाच्या पट्ट्यांत गळला. त्या देशांत मूळ फिजीवासी व भारतीय वंशाचे लोक ह्यांमध्यें राजकारणानें अनेकदां अंतर पाडलें. तेथें दोघांनींही ‘आपला’ म्हणावा असा एक संघ उभा राहणें, ही गोष्ट आम्ही विजेतेपदाहून लहान मानीत नाहीं.

घर बांधल्याचें फळ राष्ट्रालाही मिळालें. ऑगस्ट २०२३ मध्यें फिजीनें लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडास प्रथमच हरविलें. सप्टेंबरांत विश्वचषकाच्या स्पर्धेंत ऑस्ट्रेलियास २२–१५ असें नमविलें. असा विजय १९५४ नंतर मिळाला नव्हता. त्या सामन्यांत फिजीचे बहुतेक गुण लाथेनें मिळविणारा सिमियोने कुरुवोली हा द्रुआचाच गडी. आणि पालकहो, ही कथा केवळ मुलग्यांची नाहीं. द्रुआच्या स्त्रियांच्या संघानें ऑस्ट्रेलियांतील ‘सुपर डब्ल्यू’ ही स्पर्धा २०२२ व २०२३ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. मुलीनें मैदानावर जावें कीं नाहीं ह्याची खल करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, पैसा आला म्हणजे खेळाचा निर्मळपणा गेला. हा आक्षेप आम्हांस पुरता पटत नाहीं. १८९५ सालीं मजुरांस त्यांची बुडालेली रोजी नाकारणारे स्वतः उपाशी राहत नव्हते. विनावेतन खेळण्याचा अभिमान बहुधा ज्यांचें घर भरलेलें असतें त्यांसच परवडतो. शिक्षक वेतन घेतो म्हणून विद्या मलिन होत नाहीं, वैद्य वेतन घेतो म्हणून सेवा खोटी ठरत नाहीं, तसेंच हें. सामना संपल्यावर वर्तुळ करून स्तोत्र गाण्याची फिजीच्या खेळाडूंची रीत वेतनानें बंद पडलेली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व त्याचा आम्हीं स्वीकार करतों. तो असा कीं, असे संघ टिकतील ह्याचा भरंवसा काय? १८६७ मध्यें स्थापन झालेला व दोनदां युरोपचा विजेता ठरलेला लंडनचा वास्प्स हा क्लब २०२२ सालीं कर्जापायीं कोसळला. अर्जेंटिनाचा हागुआरेस हा संघ २०१९ सालीं सुपर रग्बीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. पुढच्याच वर्षीं महामारी आली, स्पर्धा मोडली, व त्याचे गडी युरोपांत विखुरले. आपल्याच देशांतील एक जुना दाखला पाहा. कलकत्त्यांतील इंग्रजांनीं १८७३ च्या सुमारास रग्बीचा क्लब काढला. पलटण हलली, लोकांस टेनिस व पोलोची ओढ लागली, आणि १८७८ त क्लब मोडला. शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक चषक केला. त्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड आजही झुंजतात. चषक उरला, क्लब गेला. कारण त्याचें मूळ ह्या मातींत रुजलें नव्हतें. द्रुआचें मूळ मात्र शाळांच्या मैदानांत आहे. तरीही हिशेब काटेकोर नसेल, तर तें मूळही कुजेल. विजयाच्या आरोळ्यांत जमाखर्चाची वही विसरूं नये, हा धडा नव्या संघांनीं जुन्यांपासून घ्यावा.

आतां आपल्याकडे वळूं. जून २०२५ मध्यें मुंबईस अंधेरी येथें सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पंधरवड्याचा उत्सव निराळा व बारमाही घर निराळें. खेळाडू घडतो तो उत्सवांत नव्हे. पहांटेच्या सरावांत, चांगल्या शिक्षकाच्या नजरेखालीं व पोटभर अन्नावर घडतो. ही व्यवस्था गांवोगांवीं झाल्याखेरीज आपल्या मुलांच्या गुणांची किंमत दुसरेच ठरवितील.

विद्यार्थ्यांनो, एक कठोर सत्य सांगून लेखणी आवरतों. डीन्स चषकासाठीं जीव तोडून खेळणाऱ्या मुलांपैकीं फार थोड्यांस द्रुआचा पोशाख लाभतो. बाकीच्यांस शेत, कचेरी, शाळा व दुकान येथेंच आयुष्य काढावयाचें असतें. म्हणून पुस्तक टाकून चेंडू धरूं नका, आणि पुस्तकासाठीं चेंडूही टाकूं नका. द्रुआच्या दोन अंगांप्रमाणें, एक मोठें व एक लहान असलें तरी, दोन्ही असल्यावांचून होडें तरत नाहीं. आणि पालकहो, ‘खेळून पोट भरतें काय?’ असें मुलास जरूर विचारा. परंतु त्याचबरोबर, त्याचें पोट येथें भरावें म्हणून आपल्या गांवीं आपण कोणतें घर बांधलें, हेंही एकमेकांस विचारा.