आवृत्ती आणि मुदत

माणगंगेच्या काठच्या म्हसवडात १९९७ साली चेतना सिन्हा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन केली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला असता अक्षरे गिरवून त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारी गेल्या, हे स्मरण आजच्या विषयास आम्हांस सर्वस्वी प्रस्तुत वाटते. कारण हिशेबाचे दप्तर खतावणीतून संगणकात गेल्यापासून विद्येची कसोटी एकदाच देऊन भागत नाही.

सर्व्हरवरील प्रणालीस आता जन्मतिथीबरोबर मुदतही असते. उबुंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते व तिला पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त्या मिळतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, तेव्हा ज्यांनी स्थलांतराची तजवीज आगाऊ केली नव्हती त्यांचे सर्व्हर चालू राहिले खरे, परंतु पुढे सापडणाऱ्या प्रत्येक दोषास उघडे पडले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर-घटकातील दोष जाहीर झाला, त्या वेळी हा घटक आपल्या यंत्रात आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. नव्याच्या हव्यासापेक्षा हे अज्ञान आम्हांस अधिक घातक वाटते.

प्रत्येक नव्या साधनामागे धावावे, असा आमचा आग्रह नाही. आपल्याकडे काय आहे, त्याची आवृत्ती कोणती, मुदत केव्हा, याची नोंदवही मात्र प्रत्येक कचेरीने ठेवावी, आणि माण तालुक्यातून पुण्यास गेलेल्या तरुण अभियंत्यांनी मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेस गावी येतील तेव्हा दोन दिवस अधिक राहून ती भरून द्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.