मांजरीच्या अंगणात कोणती झाडं लावावीत?

मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत आलं. ऊस, द्राक्षं, भाजीपाला पिकवणारी नदीकाठची ही जमीन आता इमारतींखाली जातेय. इमारतीभोवती काय लावलं जातं, तेही बघा. लॉन, पाम आणि एकसारखी कापलेली हिरवी झुडपं. दिसायला छान, पण उन्हाळ्यात हे लॉन रोज पाणी मागतं. कित्येक सोसायट्यांत प्यायचं पाणीच टँकरने येतं आणि त्यातलंच गवताला जातं! हे मला पटत नाही.

पुण्याच्या पूर्वेला पाऊस कमी, तोही चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने कोरडे काढायची सवय असलेली झाडं आपल्याकडे आहेत. बहावा ऐन एप्रिल-मे महिन्यांत पिवळाधमक फुलतो. कुंपणाला करवंद लावलं की काटेही मिळतात आणि फळंही. अडुळसा, निर्गुंडी, कोरांटी ही तर एकदा रुजली की फारसे लाड मागत नाहीत. दसऱ्याला आपण ‘सोनं’ म्हणून बरेचदा कांचनाचीच पानं वाटतो. मग खरा आपटा दारात का नसावा? झाड लहानखुरं असतं, छोट्या अंगणातही मावतं.

बाल्कनीच असेल तर कुंडीत कढीपत्ता लावा. पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध फवारू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात. विज्ञानाच्या पुस्तकातलं जीवनचक्र फुकटात घरी बघायला मिळतं. लॉनवर ते दिसणार नाही.

पण ‘देशी’ या शब्दाचाही अतिरेक नको. देवाला वाहतो तो पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातला, झेंडूही तिकडचाच, आणि गुलमोहर मादागास्करचा. म्हणून ते उपटून टाकायचे का? मुळीच नाही. उलट ताम्हण आपलं राज्यफूल, पण त्या झाडाला ओलावा लागतो. मांजरीच्या कोरड्या प्लॉटवर, त्यातही बांधकामाचा राडारोडा भरलेल्या मातीत, ते हाल काढील. म्हणजे झाड भारतातलं आहे एवढंच पुरेसं नाही, ते इथल्या पावसावर जगतं का, हे बघायचं. घाणेरी मात्र नकोच. रंगीत फुलं पाहून लोक ती कुंपणाला लावतात, पण पक्षी तिच्या बिया लांबवर नेतात आणि मग ती माळरान गिळते.

सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच आहे. गिऱ्हाईक मागतं तेच नर्सरीवाला ठेवणार, त्याला दोष देऊन काय उपयोग? जूनमध्ये आईबाबांबरोबर गेलात तर आधी विचारा, “काका, आपट्याचं रोप आहे का?” नसेल तर मागवून ठेवायला सांगा आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने परत जा.