बांध हाही पुरावाच

पुरातत्त्व म्हटले की कुदळ, फावडे आणि खापरे डोळ्यांपुढे येतात. परंतु जुन्या शेतांच्या सीमा व पाट शोधायचे, तर वरून पाहावे लागते. बुजलेल्या चरात ओल अधिक टिकते, म्हणून त्यावरचे पीक उंच व हिरवेगार होते. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते. बांधावर उभे राहून हा फरक कळत नाही, विमानातून मात्र सरळ रेषाच दिसते. इंग्लंडात क्रॉफर्ड व कीलर यांनी अशा छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ साली काढला. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तर तेथे अशा कितीतरी रेषा नव्याने उमटल्या.

आपल्याकडे ही विद्या फारशी रुजली नाही. मुंबईतील माहुलचेच पाहा. तेलाच्या टाक्या, तिवरांचे रान आणि चिखल! येथे कसले पुरातत्त्व, असे कोणीही म्हणेल. पण माहुल खाडीपासून वडाळ्यापर्यंतचा पट्टा उपग्रहचित्रात न्याहाळा. निसर्गाने कोरलेले ओहोळ झाडाच्या फांद्यांसारखे वाकडेतिकडे फुटतात. मिठागराचे बांध व पाट सरळ धावतात, काटकोनात वळतात. भरतीचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे आणि आटवत आटवत लहान वाफ्यांत आणायचे, यासाठीच ती आखणी. मिठागर ओस पडले तरी ती लगेच पुसली जात नाही. भरतीच्या जमिनीत वीतभर उंचीनेही वनस्पती बदलते; पाटाच्या कडेने तिवर वाढतात, तर बांधाच्या माथ्यावर कोरड्यात तगणारी झुडपे.

१९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक किमान शंभर वर्षांचे असावे लागते. दरवर्षी नव्या चिखलाने लिंपलेल्या बांधाचे वय कोण ठरवणार? म्हणूनच देवळाची नोंद होते, बांधाची होत नाही. आणि भराव पडला की संपलेच! मला हे मान्य नाही. मीठ पिकवणाऱ्यांनी लेख कोरले नाहीत, बांध घातले. तोच त्यांचा लेख होय.

विद्यार्थी मित्रांनो, ही नोंद तुम्ही करू शकता. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली छायाचित्रे १९९५ पासून खुली झाली आहेत. आपल्या भागाचे असे जुने चित्र मिळवा, आजच्या चित्राशेजारी ठेवा आणि पातळ कागदावर रेषा गिरवा. प्रत्येक सरळ रेषा जुनी नसते; ती तेलवाहिनीही असू शकते! म्हणून गावठाणातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खात्री करा. ड्रोन मात्र माहुलला नेऊ नका. शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्र आहे.