तुवालू, मिलो आणि माझे २०० रुपये

शुक्रवारी जेवताना टेबलावर तुवालूचा विषय निघाला. टीममधला एकजण म्हणाला, "इथे शेतकरी मरतोय आणि आपण त्या पॅसिफिकमधल्या बेटांना पैसे वाटतोय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण मला मुद्दा नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतो.

आधी आकडा बघू. २०१४ मध्ये मोदींनी फिजीला जाऊन जाहीर केलं, की पॅसिफिकमधल्या १४ देशांना प्रत्येकी वर्षाला सव्वा लाखाऐवजी २ लाख डॉलर देऊ. म्हणजे देशामागे पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्याने भारत बुडत नाही. बुडतंय ते तुवालू.

बोंब मारायचीच तर दुसऱ्या गोष्टीसाठी मारा ना. मदतीच्या नळाची चावी कोणाच्या हातात असते? २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाला नको असलेले निर्वासित नाउरूने ठेवून घेतले, बदल्यात मदत मिळाली. तुवालूची वस्ती जेमतेम ११ हजार. २०२३ च्या करारात ऑस्ट्रेलियाने त्यांच्या वर्षाला २८० माणसांना राहायची सोय देऊ केली आणि अट घातली, की संरक्षणाबाबत दुसऱ्या कुठल्याही देशाशी करार करण्याआधी आमची संमती घ्या. आणि आपण काय साधू आहोत का? युनोच्या आमसभेत तुवालूचंही मत एक आणि चीनचंही एकच, हे दिल्लीला चांगलं कळतं.

आपणही या रांगेत उभे होतो. १९६५-६६ मध्ये पीएल-४८० चा गहू जॉन्सनसाहेब मुद्दाम थोडा थोडा सोडायचे. भारत व्हिएतनामवर बोलतो हा राग. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी सिन्नरजवळ खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी तिने खाल्ली. ती जगली ना त्यावर? जगली. पण मिलोचं नाव काढलं की शेवटपर्यंत तोंड वाकडं करायची. १९७३ च्या उन्हाळ्यात तिच्यासारखी जवळपास ५० लाख माणसं राज्यभर दुष्काळी कामांवर होती.

महाराष्ट्राने यातून जे केलं ते मला भारी वाटतं. वि. स. पागेंची कल्पना होती रोजगार हमीची. १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला: काम मागा, १५ दिवसांत मिळालं नाही तर भत्ता घ्या. कोणाचे आभार मानायची गरज नाही, हक्कच आहे. आणि खर्च कोणी करायचा? शहरातल्या पगारदारांनी. त्यासाठीच १९७५ साली व्यवसाय कर आला. पेस्लिपवर 'पीटी २००' असं दिसतं ना, तोच तो. उरलेला भार सरकारने उचलायचा.

आता गंमत बघा. तुवालूचे पैसे शेतकऱ्याला द्या म्हणणारा हाच प्राणी गेल्या फेब्रुवारीत एचआरकडे भांडायला गेला होता, २०० च्या जागी ३०० का कापले म्हणून! (वर्षाचे २५०० पुरे करायला फेब्रुवारीत १०० जास्त कापतात बाबा, एवढंच.) नाशिकमध्ये राहतो, सिन्नरवरून रोज येतो-जातो, आणि त्याला ठाऊकच नाही की हा पैसा कशासाठी सुरू झाला. मलाही मागच्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं म्हणा.

सोमवारी त्याच टेबलावर बसणार आहे. पेस्लिपचा प्रिंटआउट काढून ठेवलाय.