उधाणाच्या रात्री

यंदाच्या अंकात तरुणांच्या मानसिक आजारांना मुद्दाम जागा दिली आहे. नैराश्याबद्दल आपल्या घरांत आता निदान बोललं तरी जातं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला 2016 चं सुवर्णकमळ मिळालं, तो चित्रपट खचलेल्या तरुणाचाच होता. बोललं जात नाही ते मनाच्या उधाणाबद्दल, म्हणजे मॅनियाबद्दल.

लखनऊच्या विकास नगरातलं एखादं मराठी घर डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात महिनाभर अंथरुणाला खिळलेला मुलगा दिवाळीत रात्र-रात्र जागून कंदील करतोय. तीन तास झोपूनही ताजातवाना. कर्ज काढून धंदा टाकायचं म्हणतो, कुणी टोकलं की अंगावर येतो. आजी म्हणते, “बरा झाला गं पोरगा, दृष्ट काढ त्याची.” पुढच्या खेपेला डॉक्टरांना मात्र फक्त पावसाळ्यातलं सांगितलं जातं.

घात होतो तो इथे. नैराश्य आणि उधाण या दोन्ही टोकांचा बायपोलर आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो आणि पुष्कळदा नैराश्याच्या रूपानेच येतो. उधाणाच्या दिवसांत दवाखान्यात कोण जातं? मग निदान नुसत्या नैराश्याचं होतं, आणि केवळ त्याच्याच गोळ्यांनी काहींचं मन उलट उधाणाकडे झुकतं. खरं निदान होईपर्यंत शिक्षणाची, नोकरीची वर्षं निघून जातात. आणि या आजारावरच्या लिथियम या औषधाचा गुण तर ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 सालीच दाखवला होता! 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे 70 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. बारा राज्यांच्या त्या पाहणीत उत्तर प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता, याची खंत वाटते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘चांगल्या’ दिवसांचंही सांगा: झोप किती होती, पैसा किती उडाला, बोलण्याला किती वेग होता. मामाला, आत्याला असा त्रास होता का, तेही सांगा. मुलीचं लग्न अडेल म्हणून हे झाकलं जातं. ती भीती खोटी नाही, पण झाकण्याची किंमत मुलंच मोजतात. गोळ्या मनाने बंद करू नका. लखनऊत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा (केजीएमयू) मानसोपचार विभाग आहे, 1950 पासूनचं नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.

आणखी एक. झोप मोडली की हा आजार उसळू शकतो. तेव्हा घरातलं कुणी दिवाळीतही दहाला दिवा मालवून झोपत असेल, तर त्याला फटाक्यांसाठी गच्चीवर ओढू नका.