लांब शब्दांचा धाक

इंग्रजीतला लांबलचक शब्द फेकणारा विद्यार्थी वर्गात विद्वान ठरतो आणि खेड्यातून आलेला मुलगा मान खाली घालून बसतो. मला हा धाक खोटा वाटतो.

'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस' हा ४५ रोमन अक्षरांचा शब्द पाहा. तो १९३५ साली अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या संघाच्या अध्यक्षांनी हौसेखातर रचला. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा हा रोग. डॉक्टरांचे काम 'सिलिकोसिस' एवढ्यावर भागते. खडी फोडणाऱ्या मजुराला तर 'धुळीने छाती धरते' हेच सांगावे लागेल. वेल्समधील एका खेड्याचे ५८ अक्षरी नावही एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना भुलविण्यासाठीच लांबविले गेले.

लांबीचेच कौतुक असेल, तर विजयनगरच्या तिरुमलांबेने 'वरदांबिकापरिणयचंपू' या संस्कृत काव्यात १९५ अक्षरांचा एकच समास योजला आहे! पण समास आला की आपले शास्त्रीबुवा आधी विग्रह विचारतात. मित्रहो, तीच रीत इंग्रजीलाही लावा. कोणी लांब शब्द फेकला, तर खुशाल त्याची फोड विचारा. ती ज्याला साध्या मराठीत वा कन्नडात करता येईल, त्यालाच विद्वान म्हणावे.